हात सैल सोड

दामू दुकानाची पायरी चढला तेव्हा माझ्या हातात पांगरीच्या एका सुनेचा हात होता आणि सातवी बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी आली होती. भोगीचा आदला दिवस. संक्रांतीच्या त्या चार दिवसांत कासाराला मान वर करायला सवड नसते. मी खाली बघतच म्हणालो, "बसा. या दोघी झाल्या की घेतो."

"मला बारा भरा, लाल," कुणीतरी बाप्याच्या आवाजात म्हणालं. बाकावरच्या बाया हसल्या.

मी आवाज ओळखला आणि सातवी बांगडी वाढली. काच फुटली असं आमच्या धंद्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. बार्शीच्या पेठेत तेव्हा माझं नाव होतं. अंबादास कासाराच्या हातून बांगडी वाढत नाही, असं बाया एकमेकींना सांगायच्या आणि वाटेतली दोन दुकानं ओलांडून माझ्याकडे यायच्या. त्या सुनेला लागलं नव्हतं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तुकडे गोळा केले आणि काच खराब होती म्हणून सांगितलं.

दामू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दीड वर्षानं लहान. लातूरला त्याचं दुकान. पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो सकाळच्या गाडीनं आला होता. त्याचं यायचं काही चुकलं नव्हतं. भावाच्या दुकानात भाऊ येणारच. पण अठ्ठावीस वर्षांत मी त्याला लग्नाकार्यात भेटलो, मयतीला भेटलो, लातूरला जाऊन भेटलो. माझी बायको रत्नमाला दुकानात असेल अशा वेळी त्याला कधी इथं येऊ दिलं नव्हतं. पत्रिका न्यायला मीच येतो, तू कशाला तसदी घेतोस, असं मी त्याला फोनवर दोनदा म्हणालो होतो.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजत आले होते. रत्नमाला एक वाजता डबा घेऊन यायची.

"चल, आधी समोर जेवून घेऊ," मी म्हणालो. "तुझी तीनची गाडी चुकायची."

"हॉटेलात? वहिनींच्या हातचं सोडून?" दामूनं चपला काढल्या आणि बाकाच्या टोकाला बाया सरकल्या तिथं ऐसपैस बसला. "तू कर तुझं काम, दादा. मी बघतो तू काय शिकलास ते."

तो थट्टेनं म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात कधीच काही नव्हतं.

*

माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. घरात अप्पा आणि मी. काकांनी दामूला धंदा शिकायला अप्पांच्या हाताखाली ठेवलं. आम्ही दोघं एकाच चटईवर शिकलो. अप्पा म्हणायचे, काच कुणीही विकतो. समोरच्या बाईचा हात सैल पडला पाहिजे, ते कासाराचं काम. भीती वाटली की हाताची हाडं पसरतात, मग सव्वादोनच्या हाताला अडीचची बांगडी जात नाही. दामूला हे पहिल्या महिन्यात आलं. मला आलं नाही. बाईचा हात हातात आला की माझेच हात ताठ व्हायचे, आणि माझे ताठले की तिचाही ताठायचा. "हात सैल सोड, हात सैल सोड," असं मी तोंडानं म्हणत राहायचो. दामूला तसं म्हणावं लागायचं नाही.

आमच्या घराण्यात मुलगी बघायची एक रीत होती. तिला गाणं म्हणायला लावायचं नाही, चालून दाखव म्हणायचं नाही. मुलानं मुलीचे हात भरायचे. डाव्यात हिरव्या बारा, उजव्यात तेरा. कासाराच्या घरात येणाऱ्या पोरीनं मुलाच्या तोंडाआधी त्याचा हात बघावा, असं आजोबांचं म्हणणं होतं. ते सरळ पार पडलं तर सोयरीक जमली.

परंड्याला आम्ही तिघं गेलो, अप्पा, मी आणि दामू. माघ महिना, उतरती दुपार. अप्पांनी आम्हा दोघांना एकाच ताग्यातले पांढरे सदरे शिवले होते. भिंतीला मुलीचे वडील आणि दोन चुलते बसले होते. मुलगी आली, डोक्यावरून पदर, मान इतकी खाली की मला तिचा भांगच दिसत होता. ती समोर बसली आणि डावा हात पुढे आला.

मोठ्यांच्या समोर तोंडातून शब्द काढायचा नाही, त्यामुळे हात सैल सोड हे म्हणायचीही सोय नव्हती. अकरा बांगड्या मी कशाबशा घातल्या. घामानं काच निसटत होती. बारावी मनगटापाशी वाढली आणि तुकडा आत शिरला. रक्त हिरव्या काचेवरून खाली आलं. तिनं आवाज केला नाही. तिची आई तिला आत घेऊन गेली.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच ऊठ म्हणाले. "दामू, तू बस. उजवा पुरा करून टाक. अर्धवट राहायला नको." मुलीच्या वडिलांनीही मान हलवली. कुणाला फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. घरातलाच पोरगा, अंगावर त्याच कापडाचा सदरा, तेरा आकडा पुरा व्हायला हवा, एवढाच विचार. मुलीला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बांगड्या भरून घेणाऱ्याला कोण काय सांगतं?

ती बाहेर आली. डाव्या मनगटाला हळदीची पट्टी, बारावी बांगडी आईनं आतच घालून दिलेली. मान आता आणखी खाली. तिनं उजवा हात पुढे केला. मी भिंतीशी बसून बघत होतो. दामू प्रत्येक बांगडी आधी मुठीत धरायचा. थंडीत काच गार असते, मुठीत तिला ऊब येते. मग अंगठ्याचं हाड तळव्याकडे दाबून, स्वतःची करंगळी तिच्या कातडीवर आडवी धरून, तो काच त्या करंगळीवरून घसरवायचा. घासलं तर त्याला घासायचं, तिला नाही. तेरा झाल्या. शेवटी त्यानं तिचा हात उलटा केला आणि तळहातावर दोन बोटांनी दोनदा थोपटलं. झालं, अशा अर्थानं. ही त्याची लहानपणापासूनची खोड. गाईच्या कालवडीलाही तो तसंच थोपटायचा.

मग तो सांडलेले तुकडे वेचायला बाजूला झाला आणि अप्पांनी मला ढकलून परत चटईवर बसवलं, कारण हात भरून झाल्यावर मुलगी नमस्कार करते आणि तो मुलानं घ्यायचा असतो. तिनं वाकून नमस्कार केला. उठताना तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मला तोवर कुणी तसं बघितलं नव्हतं. मी दिसायला बरा नाही, वाईटही नाही. रस्ता विचारून लोक पुढे जातात आणि ज्याचं तोंड विसरतात त्यातला. त्या पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू ती बरेच दिवस कुणाची तरी वाट बघत होती आणि तो मी निघालो. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, मुलगी कशी आहे, तर मला सांगता येईना. नाक आठवत नव्हतं, रंग आठवत नव्हता. तिनं बघितलं तेवढं आठवत होतं. माणसाला माणूस का आवडतं यावर लोक पुष्कळ बोलतात. माझ्यापुरतं मी सांगतो. तिला मी आवडलो, म्हणून मला ती आवडली. दुसरं कारण नव्हतं.

*

लग्नाला आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, ओसरीत अप्पा बांगड्या दोऱ्यात ओवत बसले होते, मी आत जेवत होतो. रत्नमाला म्हणाली, एक सांगू का, हसणार नाही ना.

"रक्त आलं तेव्हा मी आत जाऊन आईला सांगितलं होतं, मला हा मुलगा नको. आई म्हणाली, एक हात राहिलाय तेवढा देऊन ये, मग बघू. मग तुम्ही उजवा भरला." ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. "प्रत्येक बांगडी मुठीत धरून ऊब देत होता. शेवटी दोनदा थोपटलंत. मी तिथंच ठरवलं. म्हटलं, आपल्या हातून लागलं हे ज्याला एवढं कळतं, त्याच्यापाशी जन्म निघेल."

असं म्हणून तिनं हात पुढे केला. "घरी आल्यापासून एकदा नाही भरलात. भरा की."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं. ती हसली असती, रागावली असती, चार दिवस अबोला धरला असता. पण तिचे डोळे माझ्यावर होते, अगदी परंड्याला होते तसे, आणि मला ते सोडवेनात. मी म्हणालो, "आमच्यात लग्नानंतर नवरा बायकोचा हात भरत नाही."

ओसरीत अप्पांचा दोरा थांबला. त्यांनी दारातून आत बघितलं, माझ्याकडे, मग पुन्हा ओवायला लागले. मरेपर्यंत त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. आई नव्हती, काकू लातूरला, दामूही लग्नानंतर तिकडेच गेला होता. ही रीत खोटी आहे हे सांगणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं मान हलवली आणि ताट उचललं.

त्यानंतर ती स्वतःचे हात स्वतःच भरायची. साबण लावून न्हाणीत बसायची. उजव्या हातानं डावा नीट भरला जातो. डाव्या हातानं उजवा भरत नाही. तिच्या उजव्या हातात कायम तीनचार बांगड्या असायच्या आणि डाव्यात डझन. कासाराच्या बायकोचा हात असा कसा, असं बाया विचारायच्या. ती म्हणायची, आमच्यात रीत नाही.

आणि मी शिकलो. दामू लातूरला गेल्यावर मी रोज, प्रत्येक गिऱ्हाइकावर, दामूसारखं करून बघितलं. मुठीतली ऊब, आडवी करंगळी, अंगठ्याचं हाड दाबायची ती जागा. आठ वर्षं लागली. नवव्या वर्षी माझ्या लक्षात आलं की बाया माझ्यासमोर बसल्या की हात आपोआप सैल सोडतात. मला आता सांगावं लागत नव्हतं. तळहातावर थोपटायचं तेवढं मी केलं नाही. एकदा एका मास्तरणीच्या हातावर करून बघितलं, तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

आता मी घरी जाऊन रत्नमालाचा हात भरू शकलो असतो. तिला फरक कळला नसता. पण रीत मोडायची तर ती खोटी होती हे सांगावं लागणार, आणि खोटं का बोललो हे सांगताना बाकीचं सगळं. मग मी आज नाही उद्या करत राहिलो. ती डबा घेऊन यायची, बाकावर बसायची, मी परक्या बायांचे हात हातात घेऊन एकेक काच ऊब देऊन घालत असलेला बघायची. एकदा, आमची लेक दहाएक वर्षांची असेल तेव्हा, रत्नमाला म्हणाली, "पांगरीच्या बाया नशिबाच्या." मी हसण्यावारी नेलं.

*

रत्नमाला एक वाजता आली. दामूला बघून तिला आनंद झाला. भावजी, किती वर्षांनी, पोरगी एवढी मोठी झाली का, जावई काय करतो, असं सगळं झालं. डबा तिघांत पुरवला. तिनं स्वतःची भाकरी दामूला वाढली आणि भूक नाही म्हणाली. बाया जेवणवेळेला पांगल्या होत्या, दुकानात आम्ही तिघंच. पावणेदोन झाले होते. मी मनात मोजत होतो, अडीचला त्याला उठवायचं, एक तास, पाऊण तास.

भाजी वाढताना तिचा उजवा हात दामूसमोर आला.

"वहिनी, हे काय? तीनच?" तो म्हणाला. "भोगी उद्यावर आली. कासारीण तुम्ही, आणि हात मोकळा?"

"आमच्यात नवरा भरत नाही ना बायकोचा हात," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दुकानात गेले तर ह्यांना कमीपणा."

"कुणात?"

"तुमच्यातच की. तुमच्या घराण्यात."

दामू मोठ्यानं हसला. "कुणी सांगितलं हे? आमच्या आईचे हात आमच्या वडिलांनी ती जाईपर्यंत भरले. सणाच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक ती, मग दुकान उघडायचं. हा काय सांगतोय तुम्हाला?" मग माझ्याकडे वळून, "आळशा, अठ्ठावीस वर्षं बायकोला असली थाप मारलीस?"

मी काहीतरी बोललो. अप्पांचं म्हणणं वेगळं होतं, असं काहीतरी. रत्नमाला माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब न लागणाऱ्या माणसासारखी ती बघत होती. मग तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि चटईवर गिऱ्हाइकाच्या बाजूला येऊन बसली.

"मग भावजी, तुम्हीच भरा."

"राहू दे," मी म्हणालो. "त्याची गाडी आहे."

"गाडीला तास आहे," दामू म्हणाला आणि माझ्या जागी बसला. मला त्यानं हातानं बाजूला केलं, थट्टेनं, आणि मी बाजूला झालो. तिथंच, भिंतीशी.

त्यानं हिरवी काच निवडली. जुन्या तीन हलकेच उतरवल्या. पहिली बांगडी उचलली आणि मुठीत धरली.

मला वाटलं, तेवढ्यावरून काही कळायचं नाही. मीही तसंच करतो, ती रोज बघते. कासाराची रीतच ती, असं तिला वाटेल. पहिली गेली, दुसरी गेली. दामू पोरीच्या सासरचं सांगत होता, स्वयंपाकी कुठला ठरवला, मांडव कुठं. ती हं हं करत होती. पाचव्या-सहाव्या बांगडीला तिचं हं थांबलं. तिनं डोळे मिटले होते. दामूच्या लक्षात आलं नाही, कारण तो हाताकडे बघत होता. त्याची करंगळी तिच्या मनगटावर आडवी होती. तिचा हात असा पडला होता की झोपलेल्या माणसाचाच. माझ्यासमोर हजारो बायांनी हात सैल सोडले, इतका कुणी सोडला नव्हता.

तेरा झाल्या. दामूनं तिचा हात उलटा केला, दोन बोटांनी दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "झालं."

तिनं हात तसाच उघडा ठेवला. बराच वेळ. मग डोळे उघडले आणि वाकून त्याला नमस्कार केला, रीतीप्रमाणे. दामू म्हणाला, औक्षवंत व्हा, आणि ह्याला आता धंदा सोडायला सांगा. मग त्यानं पिशवी उचलली, लग्नाला चार दिवस आधी या म्हणून तिला बजावलं आणि गेला. मी त्याला स्टँडवर सोडायला निघालो होतो. ती म्हणाली, तुम्ही थांबा.

चारपर्यंत बाया येत नाहीत. मी गादीवर बसलो. ती चटईवरून उठली नव्हती.

"परंड्याला तुम्ही कुठं होता?"

"तिथंच," मी म्हणालो. "भिंतीशी."

"डावा तुमचा होता."

"हो."

तिनं डावं मनगट उलटं करून बघितलं. तिथं जुना वण होता, तांदळाएवढा. ती त्यावर अंगठा फिरवत राहिली. मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं, किंवा पाय धरायला हवे होते. अठ्ठावीस वर्षं पोटात धरलेली भीती खरी झाली की माणूस घाबरत नाही, त्याला राग येतो. मी म्हणालो, "आता काय करायचं? सांग ना. तुला तो हवा होता, पदरात मी पडलो. लातूरची गाडी अजून गेली नसेल."

ती हे ऐकून रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला भावजी कशाला हवे असतील?" ती म्हणाली. "त्यांच्या हातून कुणाला लागलं नव्हतं, मग जपलं त्यात काय? ते सगळ्यांनाच तसं भरतात. मला जो माणूस आवडला त्याच्या हातून आधी लागलं होतं. मग त्याला वाईट वाटलं, म्हणून त्यानं जपलं. असा माणूस. तो नव्हताच. अर्धे तुम्ही होता, अर्धे ते."

दामूनं उतरवलेल्या जुन्या तीन बांगड्या मी चटईवरून उचलल्या.

"तुम्ही मला त्याच आठवड्यात सांगितलं असतं, तर डावाच भरून घेतला असता मी तुमच्याकडून. लागलं असतं थोडं. लागू दिलं असतं. तुम्ही शिकला असता हळूहळू, माझ्यावर. तुम्ही शिकलात खरे, पण पांगरीच्या बायांवर."

तिनं डबा आवरला, पिशवीत भरला आणि गेली. चार वाजता बाया आल्या. त्या दिवशी मी सहा वाजेपर्यंत पंधरावीस जणींचे हात भरले, आणि एकही बांगडी वाढली नाही.

*

घरी गेलो तेव्हा तिचा उजवा हात मोकळा होता. तेराच्या तेरा तिनं साबण लावून उतरवल्या होत्या, एकही न वाढवता, आणि देवाजवळच्या वाटीत ठेवल्या होत्या. त्यानंतर उजव्या हातात तिनं काच घातली नाही, एक साधी पाटली असायची. संसार चालला. ती माझ्याशी सगळं बोलायची, लेकीचं, दुखण्याचं, पाण्याच्या नळाचं. दामूच्या पोरीच्या लग्नाला आम्ही गेलो, चार दिवस आधीच गेलो, तिनं तिथं राबून काम केलं. त्या दुपारबद्दल ती पुन्हा बोलली नाही. मी एकदा बोललो. श्रावण होता, दुसऱ्या दिवशी नागपंचमी. मी हिरवी काच घरी आणली आणि म्हणालो, "आण हात. आता मला चांगलं येतं."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्यासारखं भराल. तुमचा हात कसा आहे ते मला आता कुठून कळणार?"

पाच वर्षांनी ती गेली. मूत्रपिंडाचं दुखणं, शेवटचे सात महिने सोलापूरला जाऊन येऊन. घरीच गेली, सकाळी नऊच्या सुमाराला. लेक रात्रीच पोचली होती. दामू दुपारी लातूरहून आला. सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला. मग चुड्याची वेळ आली आणि त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, बाहेरून कुणाला बोलवायचं का. दुसरी म्हणाली, कासाराच्या घरात बाहेरचा कासार?

मी पेटी आणली आणि बसलो. डावा हात घेतला.

मी बांगडी मुठीत धरली नाही. करंगळी आडवी ठेवली नाही. दामूचं जे जे होतं ते सगळं सोडलं आणि बावीस वर्षांचा असताना माझे हात जसे होते तसे आठवून भरायला लागलो. आठवायला फार कष्ट पडले नाहीत, ते ताठच होते. तिचाही हात ताठ होता. तिसऱ्या बांगडीला माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हात सैल सोड." खोलीतल्या बाया दुसरीकडे बघायला लागल्या. लेक उठून बाहेर गेली.

दोन बांगड्या वाढल्या. एकीचा तुकडा त्या जुन्या वणाच्या शेजारीच लागला. रक्त आलं नाही. मी बारा पुऱ्या केल्या.

मग मी सरकलो आणि दामूला म्हणालो, "बस. उजवा तू भर."

"अरे दादा, मी कशाला? तुझा मान."

"बस," मी म्हणालो.

तो बसला. त्याला काही माहीत नव्हतं, मी आजही त्याला सांगितलेलं नाही. त्यानं डोळे पुसले आणि पहिली बांगडी मुठीत धरली. मेलेल्या हाताला ऊब द्यायचं काही कारण नव्हतं, पण त्याला दुसरं येतच नाही. तेरा गेल्या, एकही वाढली नाही. शेवटी त्यानं तिचा हात उलटा केला आणि तळहातावर दोन बोटांनी दोनदा थोपटलं. आपण थोपटलं हे त्याला कळलंसुद्धा नसेल.

मग तो तुकडे वेचायला बाजूला झाला. चटईची जागा मोकळी झाली. अप्पा असते तर त्यांनी मला ढकलून तिथं बसवलं असतं. मी भिंतीशीच बसून राहिलो.